गंज, दिवे आणि रात्रीचा रस्ता : जुन्या मोटारीच्या पुढील दिव्यांच्या बैठकीची दुरुस्ती

मोटारीच्या देखभालीचा विचार करताना इंजीन, ब्रेक आणि टायर यांच्याकडे सर्वांचेच लक्ष असते. पुढील दिव्यांकडे मात्र ते लागतात किंवा लागत नाहीत एवढ्यापुरतेच पाहिले जाते. दिवा लागतो, म्हणजे तो ठीक आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दिवा लागणे आणि त्याचा प्रकाश योग्य जागी पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रकाश योग्य जागी पडावयाचा असेल तर दिवा ज्या पत्र्यावर बसविलेला असतो तो पत्रा मजबूत आणि आपल्या मूळ जागी असावा लागतो. दहा-पंधरा पावसाळे पाहिलेल्या मोटारीत नेमका हाच पत्रा गंजाने सर्वप्रथम खाल्ला जातो. कोकण किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर ही तक्रार विशेष आढळते.

राज्यात खाजगी मालकीच्या जुन्या मोटारी, जीपगाड्या आणि मालवाहू टेंपो आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत. दुर्गम वाड्यांवरील रुग्णाला रात्री-अपरात्री तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचविणारे वाहन पुष्कळदा अशांपैकीच एखादे असते. म्हणून दिव्यांच्या बैठकीची दुरुस्ती हा केवळ हौशी मोटारमालकांचा विषय राहत नाही. तो सार्वजनिक सुरक्षिततेचाही विषय ठरतो.

बैठकीची रचना

जुन्या मोटारींचे पुढील दिवे बहुधा गोल आकाराचे असत. जीप आणि अॅम्बॅसेडर या गाड्यांच्या दिव्यांचा व्यास सुमारे ७ इंच, म्हणजे १७८ मिलिमीटर असे. कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने घराघरांत माहीत झालेली प्रीमियर पद्मिनी ही गोल दिव्यांचीच गाडी. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदविलेल्या शेवटच्या पद्मिनीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तथापि खाजगी मालकांनी निगुतीने सांभाळलेल्या पद्मिनी अद्यापही रस्त्यावर दिसतात.

अशा गाड्यांतील दिव्याची मांडणी साधारणपणे पुढीलप्रमाणे असते. मडगार्डच्या पत्र्याला पुढच्या बाजूस एक गोल भोक असते. त्यात पत्र्याची एक खोलगट वाटी स्क्रूंनी बसविलेली असते. वाटीच्या आत दिव्याला धरून ठेवणारे कडे असते. हे कडे एक स्प्रिंग आणि दोन समायोजक स्क्रू यांच्या आधारावर तोललेले असते. एका स्क्रूने प्रकाशाचा झोत वर-खाली करता येतो आणि दुसऱ्याने डावीकडे-उजवीकडे. सर्वांत बाहेर शोभेची चकचकीत रिंग असते. वाटी आणि मडगार्ड यांच्या सांध्यात रबराची गादी घातलेली असते.

या मांडणीतील उणीव अशी की, अनेक गाड्यांत वाटीची मागील बाजू थेट चाकाच्या पोकळीत उघडी पडते. चाकाने उडविलेला चिखल, खडी आणि पाणी यांचा मारा या वाटीवर सतत होत राहतो. बाहेरून रंगविलेली आणि पुसून स्वच्छ ठेवलेली मोटार आतून मात्र याच ठिकाणी कुजू लागते. रिंगच्या कडेला रंगाचा फुगवटा दिसू लागतो, तेव्हा आतील पत्र्याचे बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

गंज चढतो कसा

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज असते. यांपैकी एक जरी दूर ठेवता आले तरी गंज थांबतो. गंजण्याची क्रिया ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. ओल्या पत्र्याच्या एका भागावर लोखंड विरघळू लागते व त्यातून इलेक्ट्रॉन मुक्त होतात. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत दुसऱ्या भागाकडे जातात आणि तेथे पाणी व प्राणवायू यांच्याशी त्यांचा संयोग होतो. म्हणजे पत्र्यावरच एक लहानशी विद्युत-घटमाला चालू होते. विरघळलेल्या लोखंडापासून शेवटी तांबूस रंगाचा जलयुक्त लोह-ऑक्साइड तयार होतो. यालाच आपण गंज म्हणतो.

चिखल साचलेल्या जागी ही क्रिया अधिक घातक ठरते. चिखलाच्या थराखाली प्राणवायू कमी पोहोचतो, तर थराच्या कडेला तो भरपूर मिळतो. प्राणवायूच्या या विषमतेमुळे थराखालचा भाग विरघळणारा ध्रुव बनतो आणि तेथेच पत्रा खोलवर खाल्ला जातो. वाटीवर बसलेला चिखल वाळला की निरुपद्रवी झाला, असे पुष्कळांना वाटते. परंतु त्याच्या पोटातील ओल कित्येक दिवस टिकते.

समुद्रकिनाऱ्यावर या क्रियेला मिठाची जोड मिळते. मिठामुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि घटमालेला वेग येतो. शिवाय हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून स्वतःच ओले होते. कोकणात वर्षाकाठी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात आर्द्रता दीर्घकाळ या मर्यादेच्या वर राहते. त्यामुळे पाऊस उघडल्यावरही मिठाने माखलेला पत्रा कोरडा होत नाही. मासळीची वाहतूक करणाऱ्या टेंपोंतून बर्फाचे खारट पाणी सतत गळत असते. पर्यटकांच्या गाड्या पुळणीवर थेट लाटांपर्यंत नेल्या जातात. या दोन्ही प्रकारांत गंजाचे प्रमाण वाढल्यास नवल नाही.

गंजाचा आणखी एक गुणधर्म ध्यानात घ्यावयास हवा. ज्या लोखंडापासून तो बनतो त्याच्या कित्येक पट जागा तो व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की तो फुगतो, सांधा उकलतो आणि उकललेल्या फटीतून आणखी पाणी आत शिरते. दिव्याच्या वाटीचा मडगार्डशी असलेला सांधा असाच उकलतो आणि दिवा हळूहळू आपली जागा सोडतो.

तीन मिलिमीटरचे गणित

दिव्याने जागा सोडली तर किती बिघडते, हे साध्या गणिताने समजू शकते. १७८ मिलिमीटर व्यासाच्या दिव्याची वरची कड केवळ ३ मिलिमीटरने मागे सरकली तर त्याच्या झोताची दिशा सुमारे १ अंशाने वर उचलली जाते. १ अंश ही किरकोळ बाब वाटते. परंतु ५० मीटर अंतरावर हाच झोत ८७ सेंटिमीटरने वर गेलेला असतो.

समजा, दिव्याचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आहे आणि मंद झोत दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली उतरेल असा लावलेला आहे. म्हणजे ५० मीटरवर झोताची वरची सीमा जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर असेल. समोरून येणाऱ्या चालकाला त्याचा त्रास होणार नाही. बैठक ३ मिलिमीटर सरकली की हीच सीमा १ मीटरच्या वर जाते आणि झोत समोरच्या लहान मोटारीच्या चालकाच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन पोहोचतो. अरुंद घाटरस्त्यावर एका क्षणाची ही अंधारी किती महाग पडू शकते, हे सांगावयास नको.

याउलट, खालची कड ३ मिलिमीटर मागे गेली तर झोत खाली वाकतो. पूर्वी ६५ मीटरपर्यंत पोहोचणारा मंद झोत आता सुमारे २४ मीटरवरच रस्त्याला टेकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर २४ पैकी १७ मीटर तेथेच संपतात आणि मोटार थांबविण्यासाठी अवघे ७ मीटर उरतात. कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही या वेगाला ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंत वीस मीटरहून अधिक अंतर लागते. रस्त्याच्या कडेने चालणारा पादचारी, दिवा नसलेली बैलगाडी किंवा रस्त्यात बसलेले जनावर अशा वेळी उशिराच दिसते.

नुकसानीची पाहणी

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी नुकसान किती आहे याची नीट पाहणी करावी. प्रथम बॅटरीची अर्थिंगची तार सोडवावी. त्यानंतर बाहेरची रिंग काढून दिवा धरणाऱ्या कड्याचे स्क्रू सोडवावेत. जुन्या गाडीत हे स्क्रू गंजाने घट्ट बसलेले असतात. त्यांवर जोर केल्यास डोके तुटते आणि काम दुप्पट होते. आदल्या रात्री स्क्रूंवर गंज सोडविणारे तेल टाकून ठेवावे. सकाळी ते पुष्कळदा सहज फिरतात. समायोजक स्क्रूंना मात्र या टप्प्यावर हात लावू नये.

दिवा आणि वाटी बाहेर काढल्यावर तारांचे रंग व त्यांच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्यात अथवा त्यांचे छायाचित्र काढावे. डाव्या व उजव्या बाजूचे भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. मग चिखल धुऊन पत्रा कोरडा करावा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सर्वत्र टोचून पाहावे. सामान्यतः तीन अवस्था आढळतात.

पहिल्या अवस्थेत गंज केवळ पृष्ठभागावर असतो. टोचल्यावर पत्रा टणक लागतो. येथे साफसफाई आणि नवा रंग पुरेसा होतो. दुसऱ्या अवस्थेत पत्र्यावर खळगे पडलेले असतात व पापुद्रे निघतात, परंतु पत्रा आरपार गेलेला नसतो. स्क्रूची भोके शाबूत असतील तर रासायनिक प्रक्रिया व जाड संरक्षक थर देऊन तो वाचविता येतो. तिसऱ्या अवस्थेत टोक पत्र्यातून आरपार जाते, स्क्रूची भोके रुंदावलेली असतात आणि कडा हाताने मोडतात. अशा वेळी कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडण्यावाचून अन्य उपाय नाही.

पुट्टीचा मोह टाळावा

या तिसऱ्या अवस्थेतच चुकीची दुरुस्ती सर्वाधिक होते. भोकांत जाळी किंवा कागद कोंबून वर पुट्टी भरली जाते, ती घासून गुळगुळीत केली जाते आणि रंग मारून गाडी मालकाच्या स्वाधीन होते. काम स्वस्तात आणि एका दिवसात होते. गाडी विकावयाची असेल तर असे काम हटकून केले जाते. परंतु पुट्टीला भार पेलण्याची ताकद नसते. रस्त्यावरील हादऱ्यांनी ती तडकते, तडीतून पाणी शिरते आणि झाकलेल्या गंजाला अधिकच मोकळीक मिळते. दोन-तीन पावसाळ्यांत दिवा पुन्हा हलू लागतो. पुट्टीचा उपयोग बारीक खळगे भरून पृष्ठभाग सारखा करण्यापुरताच आहे. जेथे स्क्रू बसावयाचा आहे आणि जेथे दिव्याचा भार पडणार आहे, तेथे लोखंडच हवे. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने मडगार्डच्या आतून हात फिरवून या जागेची खात्री करून घेणे हिताचे ठरेल.

दुरुस्तीचा क्रम

कापण्याचे काम सुरू करण्यापूर्वी पुठ्ठ्याचा नमुना तयार करणे फार उपयुक्त ठरते. दोन्ही बाजू सारख्याच कुजलेल्या क्वचितच असतात. जी बाजू सुस्थितीत आहे तिच्यावर पुठ्ठा धरून भोकाचा आकार, स्क्रूंच्या जागा आणि कडेचे वळण उतरवून घ्यावे. हाच पुठ्ठा उलटा केला की दुसऱ्या बाजूचा नमुना मिळतो. उलटा करावयाचे विसरल्यास सर्व स्क्रू भलत्याच जागी येतात.

तारेच्या ब्रशने व पॉलिशपेपरने रंग आणि गंज काढताना डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला मास्क असणे आवश्यक आहे. फार जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कुजलेला भाग कापत जावे. नव्या पत्र्याला पकडावयास जुना पत्रा निरोगी नसेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो वितळून जातो आणि भोक मोठे होते. कापताना थोडी माया ठेवावी, हा शिवणकामातील नियम येथे लागू पडत नाही.

ठिगळासाठी मूळ पत्र्याच्या जाडीचाच, म्हणजे साधारण ०.९ ते १.२ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरल्यास जोडाच्या जागेवरील जस्त घासून काढावे. कारण वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर निघतो आणि तो फुप्फुसात गेल्यास थंडी-ताप भरतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवाव्यात, दिव्यांच्या तारा व रबरी भाग बाजूला घ्यावेत, पेट्रोलचा वाहक नळ जवळपास नाही याची खात्री करावी आणि वाळूची बादली व अग्निशामक हाताशी ठेवावे.

पातळ पत्रा उष्णतेने वाकडा होतो, ही या कामातील मुख्य अडचण आहे. सलग जोड न देता प्रथम दूर दूर चार टाके द्यावेत. एक टाका वर दिला तर दुसरा खाली, तिसरा डावीकडे तर चौथा उजवीकडे. त्यानंतर वाटी त्या जागी तात्पुरती बसवून दिवा, कडे आणि बाहेरची रिंग नीट बसतात की नाही ते पाहावे. मडगार्डच्या कडेपासून व जमिनीपासून दोन्ही दिव्यांच्या मध्यांचे अंतर मोजून ते जुळते का तेही तपासावे. या टप्प्यावर चूक आढळली तर चार टाके तोडून ती सुधारता येते. पूर्ण जोड झाल्यावर ती सुधारणे जवळजवळ अशक्य असते. माप जुळल्यानंतरच वाटी काढून उरलेल्या जागी थांबून थांबून टाके द्यावेत आणि पत्रा मधूनमधून निवू द्यावा. अनुभवी वेल्डर या ठिकाणी घाई करीत नाही.

मूळ वाटीच पूर्ण कुजलेली असल्यास नवी किंवा जुन्या सुट्या भागांच्या बाजारातील चांगली वाटी घेता येते. जुनी वाटी घेताना रंगाखालचा पत्रा टोचून पाहावा. अन्यथा एक गंजलेला भाग काढून दुसरा बसविल्यासारखे होईल.

संरक्षक थर

नवा पत्रा जोडला म्हणजे काम अर्धेच झाले. उघडे पोलाद दमट हवेत काही तासांतच तांबूस पडू लागते. जोड घासून सारखा केल्यावर लगेच पुढील प्रक्रिया करावी.

ज्या खळग्यांतून गंज पूर्णपणे निघत नाही तेथे फॉस्फॉरिक आम्लयुक्त द्रावण लावतात. त्यामुळे गंजाचे रूपांतर लोह-फॉस्फेटच्या स्थिर थरात होते. दिल्लीच्या सुप्रसिद्ध लोहस्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि सुमारे १,६०० वर्षे तो टिकून राहण्यामागे त्यामुळे बनलेल्या संरक्षक थराचा मोठा वाटा असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. दुसऱ्या प्रकारच्या द्रावणात टॅनिक आम्ल असते; त्याने गंज काळा पडतो. सह्याद्रीतील हिरड्यात टॅनिन विपुल असते आणि हिरडा व लोहक्षार यांपासून पूर्वी काळी शाई करीत असत. त्या शाईचा काळेपणा आणि टॅनिक आम्लाने काळा पडलेला गंज यांमागील रसायन एकच आहे. कोणतेही द्रावण वापरले तरी डब्यावरील सूचनेप्रमाणे धुणे, वाळविणे आणि हातमोजे घालणे आवश्यक आहे.

यानंतर प्राइमर. नव्या, उघड्या पत्र्यावर जस्तयुक्त प्राइमर उत्तम. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. परंतु त्यासाठी जस्ताचा लोखंडाशी प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागतो. गंजावर किंवा जुन्या रंगावर हा प्राइमर लावणे व्यर्थ होय. जेथे रासायनिक प्रक्रिया केली आहे तेथे एपॉक्सी प्राइमर द्यावा. सांध्यांत सीलंट भरावे, त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि चाकाकडील बाजूस अंडरकोटिंग करावे. वाटीच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेले लहान भोक मात्र बुजवू नये. ते बुजल्यास वाटीचे भांडे होते आणि त्यात पाणी साठून राहते. रबराची गादी जुनी, कडक झालेली असेल तर ती बदलावी. स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत व ग्रीस लावून बसवावेत.

काही ठिकाणी इंजिनातून काढलेले जळके तेल पत्र्यावर फासण्याची पद्धत आहे. या तेलाने रबराचे भाग फुगून खराब होतात आणि पावसाबरोबर ते शेतात व ओढ्यात वाहून जाते. ही पद्धत टाळलेली बरी.

अर्थिंग आणि प्रकाश

पत्र्याच्या दुरुस्तीनंतर दिवा बसविताना एक गोष्ट नेहमी विसरली जाते. दिव्याचा विद्युतप्रवाह मोटारीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परत जातो. अर्थिंगच्या तारेचे टोक जेथे पत्र्याला जोडलेले असते ती जागा गंजली अथवा तिच्यावर नवा रंग चढला तर प्रवाहाला अडथळा होतो आणि दिव्याला पूर्ण दाब मिळत नाही. तंतूच्या दिव्याचा दाब १० टक्क्यांनी घटला तर त्याचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. अर्थिंगची जागा नाण्याएवढी चकचकीत घासून, तार घट्ट बसवून, वर ग्रीस लावल्यास हा दोष दूर होतो. मंद जळणाऱ्या दिव्यासाठी अधिक वॅटचा बल्ब आणण्यापूर्वी एवढी तपासणी अवश्य करावी.

झोताची दिशा

सर्व भाग बसविल्यानंतर झोताची दिशा लावणे हा अखेरचा आणि महत्त्वाचा टप्पा होय. यासाठी सपाट जागा आणि एक भिंत पुरेशी असते. शाळेची भिंत व पटांगण या कामाला चांगले. टायरांत योग्य हवा असावी आणि चालकाच्या जागी कोणी तरी बसलेले असावे. मोटार भिंतीसमोर सरळ, १० मीटर अंतरावर उभी करावी. दिव्यांच्या मध्याची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी आणि तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी रेघ मारावी. मंद झोताची वरची सीमा खालच्या रेघेवर यावी. एक दिवा झाकून दुसरा लावावा व त्यानंतर पहिला. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून झोताचा कल डाव्या कडेकडे असावा. तो उजवीकडे गेल्यास समोरच्या चालकाला त्रास होतो. गाडीच्या निर्मात्याने वेगळे माप दिले असेल तर तेच प्रमाण मानावे.

कायद्यातील तरतूद

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०५ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत वाहनाचे दिवे लावणे बंधनकारक आहे आणि त्या दिव्यांनी १५५ मीटरपर्यंतच्या व्यक्ती व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. नियम १०६ प्रमाणे दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला तो दिपविणारा नसावा. खाजगी मोटारीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. त्यापुढे तपासणीअंती ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. या तपासणीच्या वेळी दिव्यांची स्थिती पाहिली जाते. शासकीय मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण मात्र १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. संरक्षण आणि कायदा व सुव्यवस्था यांसाठीची विशेष वाहने यास अपवाद आहेत.

पंचायती आणि शाळा काय करू शकतील

शासकीय वाहने १५ वर्षांतच बाद होणार, म्हणून त्यांच्या गंजाची चिंता नको, असे मानणे चुकीचे ठरेल. ग्रामपंचायतीची घंटागाडी ओल्या कचऱ्याच्या आंबट पाण्याने सतत भिजत असते. योग्य निगा न राखल्यास मुदत संपण्याच्या कितीतरी आधी तिचा पत्रा निकामी होतो आणि हा खर्च शेवटी गावाच्याच निधीतून करावा लागतो. दर आठवड्याला चाकांच्या पोकळीतील चिखल गोड्या पाण्याने धुणे, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर दिव्यांच्या वाट्या उघडून पाहणे आणि रंग उडालेल्या जागी त्वरित प्राइमर लावणे, एवढी तीन कामे पंचायतीने चालकाच्या कामाच्या यादीत घातली तरी वाहनाचे आयुष्य निश्चितपणे वाढेल. हीच दृष्टी पाण्याच्या टाकीची शिडी, हातपंप आणि शाळेचे फाटक यांनाही लागू करता येईल.

शाळांतून गंजावरील प्रयोग नेहमीच केला जातो. तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवायचे. एकीत साधे पाणी, दुसरीत उकळून वर तेलाचा थर दिलेले पाणी आणि तिसरीत हवा कोरडी ठेवणारे कॅल्शियम क्लोराइड. काही दिवसांनी पहिल्या नळीतील खिळेच गंजलेले दिसतात. याला चौथ्या नळीची जोड देऊन तीत मिठाचे पाणी घातले तर किनाऱ्यावरील गावांच्या अनुभवाशी धड्याचा सांधा जुळेल. ३ मिलिमीटरचे वर दिलेले गणित हे माध्यमिक शाळेतील त्रिकोणमितीचे जिवंत उदाहरण होऊ शकेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर, पत्रा-कारागीर आणि मोटार मेकॅनिक हे अभ्यासक्रम चालतात. या तिन्ही विषयांच्या प्रशिक्षणार्थींनी पावसाळ्यापूर्वी गावोगावच्या वाहनांच्या दिव्यांची तपासणी करून दिली, तर त्यांना प्रत्यक्ष कामाचा सराव मिळेल आणि ग्रामस्थांची सोय होईल.

दिव्याच्या बैठकीची दुरुस्ती हे दोन-तीन दिवसांचे, फारशा खर्चाचे नसलेले काम आहे. त्यासाठी दुर्मीळ यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो कुजलेला पत्रा झाकून न ठेवता कापून काढण्याचा प्रामाणिकपणा. रात्रीच्या रस्त्यावर समोरून येणारा चालक कोण आहे, हे आपणास ठाऊक नसते. त्याला रस्ता दिसावा आणि आपणासही तो वेळीच दिसावा, यासाठी येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाहनमालकाने दिव्यामागचा पत्रा एकदा तरी हात लावून पाहणे आवश्यक आहे.